फर्दापूरचें परमुलखांतलें स्टेशन

अजिंठ्याच्या घाटाखालीं वसलेल्या फर्दापुरास आगगाडी कधींच आली नाहीं. तरी या गांवास स्टेशन होतें. तें सात-आठ मैल उत्तरेस, पहूर येथें, आणि तेंहि परमुलखांत! फर्दापूर निजामाच्या राज्यांत, तर पहूर ब्रिटिश अंमलाखालच्या पूर्व खानदेशांत.

फर्दापूर हें तसें जुन्या राजरस्त्यावरचें गांव. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, बऱ्हाणपुराकडे जाणारे काफिले येथें मुक्काम करीत; मोगलाईंतील सराईचे अवशेष त्याची साक्ष देतात. पुढें १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृति करण्यास आल्या. नंदलाल बोस, असितकुमार हळदार हे तरुण चित्रकार त्यांच्या साहाय्यास होते. त्या वेळीं मुख्य लोहमार्ग सोडला कीं पुढें बैलगाडीचाच आधार असे.

पाचोरा-जामनेर हा अडीच फूट रुंदीचा, सुमारें पस्तीस मैलांचा फांटा १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाला. तो लेण्यांसाठीं घातला असें मात्र कोणा श्रोत्यानें समजूं नये. खानदेशी कपाशी मुंबईच्या वाटेस लावणें हा त्याचा हेतु. प्रवाशांस घडलें तें बुद्धदर्शन केवळ ओघानें आलेलें पुण्य! मुंबईचा प्रवासी पाचोऱ्यास गाडी बदली, शेंदुर्णीवरून रमतगमत पहुरास उतरे आणि मिळेल त्या वाहनानें फर्दापूरचा प्रवासी बंगला गांठी. तेथून लेणीं चार मैल.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि १९६० सालीं दोन्ही गांवें महाराष्ट्रांत आलीं. सीमा पुसली गेली, पण स्टेशनाचें महत्त्वहि ओसरलें. जळगांवाहून लेण्यांकडे येणारी सडक पहुरावरूनच फर्दापुरास जाते. मोटारी धावूं लागल्यावर पाचोऱ्यास गाडी बदलण्याचा खटाटोप कोण करणार? गाडीस उरले ते शेतकरी, विद्यार्थी आणि बाजारकरी. त्यांच्यासाठीं ती शंभर वर्षें चालली. १९८३ सालीं लेणीं जागतिक वारसा ठरलीं, त्याचा या गाडीस काडीचा लाभ झाला नाहीं.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें गाडी थांबली. ती अरुंद रुळांवरून पुन्हां धावली नाहीं. मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्यास पुढें मंजुरी मिळाली. अशा कामांत जुन्या ठाण्यांच्या खुणा टिकत नाहींत. पहुरास तिकिटें दिलेलीं, रूळ राखलेलीं माणसें अद्याप या परिसरांत भेटतील. त्यांच्या आठवणी कोणा तरुणानें आतांच लिहून घ्याव्यात.