कच्चं काम आणि ताळा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू दिवसभर कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस?" असं आज सकाळपासून चार-पाच जणांनी विचारलं. संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, तर त्यातलं एकच काम सांगते.

आपल्या गणिताच्या वहीत उजवीकडे समास आखून कच्चं काम करायची पद्धत होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही असा समास लागतो. हजार ओळींचा प्रोग्राम लिहून मग चालवला, तर चूक कुठे आहे ते सापडत नाही. म्हणून ज्या एडिटरमध्ये आम्ही लिहितो, तिथेच दोन-तीन ओळींचा तुकडा चालवून बघतो. ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरमध्ये 'स्क्रॅच' नावाचं कोरं पानच असतं. तिथे बेरीज लिहून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबलं की खालच्या ओळीत उत्तर येतं. व्हीएस कोडमध्ये पायथनची ओळ निवडून शिफ्ट-एंटर दाबायचं. लिहा, चालवा, उत्तर बघा, इतकंच.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगते. एका दूध संकलन केंद्राचे हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आले. दहा दिवसांचं बिल हातात पडलं, तेव्हा काही उत्पादकांची रक्कम त्यांच्या स्वतःच्या वहीपेक्षा दोन-तीन रुपयांनी कमी भरली. दोन गाई असलेल्या एका मावशींनी विचारलं, "आमचा रुपया गेला कुठं?" केंद्रावरचे लोक म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाही." प्रोग्राम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता. तपासायला तो माझ्याकडे आला.

मी सगळा प्रोग्राम वाचत बसले नाही. मावशींच्या वहीतल्या दोन नोंदी घेतल्या. ३ लिटर, दर ४१.५०, रक्कम १२४.५०. दुसरी, ३ लिटर, दर ४२.५०, रक्कम १२७.५०. एडिटरमध्ये पायथनला सांगितलं, पूर्ण रुपयात कर. पहिल्याचं उत्तर आलं १२४, दुसऱ्याचं १२८. मावशींच्या वहीत होते १२५ आणि १२८.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. पायथन ३ मधला 'राउंड' बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४. खूप नोंदींची बेरीज एकाच बाजूला झुकू नये, हा त्यामागचा विचार. पण गावात ठरलेला नियम 'पन्नास पैसे आले की वरचा रुपया' असा होता. पायथनच्या 'डेसिमल' या सोयीत तो नियम स्पष्ट सांगता येतो. तो लावला, त्याच दोन नोंदी पुन्हा चालवल्या, १२५ आणि १२८ आले. मागची बिलं नव्याने काढून फरक पुढच्या बिलात जमा झाला. रक्कम लहान होती, पण कॉम्प्युटरच्या बिलावरचा विश्वास त्या रुपयावर अडला होता.

या पद्धतीत एक खाचही आहे. असं चालवताना कॉम्प्युटर आधी दिलेले आकडे लक्षात ठेवतो. सकाळचा दर तसाच राहिला, तर दुपारचं उत्तर उगाच बरोबर वाटतं. म्हणून शेवटी पाटी पुसायची, सगळं बंद करून नव्याने चालवायचं. आणि जो तुकडा उपयोगी ठरला, तो फेकायचा नाही. मावशींच्या त्या दोन नोंदी आता त्या प्रोग्रामची कायमची चाचणी आहेत. कुणीही बदल केला की आधी त्या तपासल्या जातात.

तुमची मुलं-नातवंडं कोडिंग शिकत असतील, तर त्यांना एवढंच विचारा, "ताळा केलास का?" कॉम्प्युटर म्हणतो म्हणून उत्तर बरोबर, असं त्यांना मानू देऊ नका. उत्तरासोबत ताळा मागणारे शिक्षक आपल्याला लाभले, त्याबद्दल या व्यासपीठावरून त्यांचे मनापासून आभार मानते.