पोलंडचा शेवटचा राजा



आज ज्या राजाविषयी बोलण्याचे मी योजिले आहे, तो रणधुरंधर नव्हता. त्याने एकही लढाई जिंकली नाही आणि राज्य एका तसूनेही वाढविले नाही. उलट त्याच्या हयातीत त्याचे राज्य तीन वेळा कापले गेले आणि तिसऱ्या खेपेला नकाशावर पोलंड हे नावच उरले नाही. असा राजा व्याख्यानाला विषय म्हणून कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु ज्या राजाने आपल्या देशाला युरोपातील पहिली आधुनिक लिखित राज्यघटना दिली आणि पंधरा महिने पुरते होण्याच्या आत त्याच घटनेच्या शत्रूंच्या कागदावर सही केली, त्याला देशद्रोही म्हणावे की दुर्दैवी म्हणावे, हा वाद पोलंडमध्ये दोनशे वर्षे चालला आहे. आपल्याकडे पोलंडची ओळख अगदीच नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत 1943 ते 1948 या काळात राहून गेली. त्या माणसांच्या देशाच्या इतिहासातील हे एक पान आहे.

स्तानिस्लाव ऑगस्ट पोनियातोव्स्की याचा जन्म 1732 सालचा. आई चार्तोरिस्की या बड्या घराण्यातली. मुलगा देखणा, बहुश्रुत, पाचसहा भाषा सफाईने बोलणारा. तारुण्यात तो इंग्रज वकिलाबरोबर पीटर्सबर्गला गेला आणि तेथे रशियाच्या युवराजाच्या पत्नीचे आणि त्याचे प्रेम जमले. ही युवराज्ञी म्हणजेच पुढची सम्राज्ञी कॅथरीन. 1762 साली नवऱ्याला बाजूला सारून ती तख्तावर बसली, तेव्हा या प्रियकराला वाटले, आता आपल्याला बोलावणे येणार. तिने बोलावले नाही. येऊ नकोस, असेच कळविले आणि त्याऐवजी दोन वर्षांनी त्याला पोलंडचा राजा केले! आपल्या मुठीतला माणूस शेजारच्या गादीवर असावा, हा तिचा हिशेब. 7 सप्टेंबर 1764 रोजी वॉर्सानजीकच्या मैदानात सरदारांनी त्याला राजा निवडले, तेव्हा रशियन फौजा देशात ठाण मांडून होत्या.

राजा निवडले, असे मी म्हटले, आणि येथेच पोलंडच्या दुखण्याचे मूळ आहे. तेथे गादी वंशपरंपरेने चालत नसे. राजा मेला की सरदारवर्ग नवा राजा निवडी. हा सरदारवर्ग लोकसंख्येच्या आठदहा टक्के होता. त्यात गावेच्या गावे पदरी असलेले धनाढ्य होते, आणि कमरेला तलवार पण घरात दाणा नाही असेही होते. कागदोपत्री सगळे समान. त्यांची जी प्रतिनिधिसभा, तिला सेयम म्हणत. या सेयममध्ये एक विलक्षण चाल पडली होती. कोणाही एका सभासदाने उभे राहून ‘माझी परवानगी नाही’ एवढे म्हटले, की ठराव तर पडेच, पण त्या अधिवेशनात मंजूर झालेले बाकीचे सारे ठरावही रद्द होत आणि सभा उठे. 1652 साली एका सभासदाच्या नकाराने हा पायंडा पडला. स्तानिस्लावच्या आधीचा राजा तीस वर्षे गादीवर होता. त्या तीस वर्षांत सेयमचे एकच अधिवेशन सुरळीत शेवटाला गेले. आपल्या नगरपालिकेत असा नियम असता, तर अजून रस्त्यावर एक दिवासुद्धा लागला नसता! आणि गंमत अशी की, सरदारांना या व्यवस्थेचा अभिमान होता. ते तिला ‘सुवर्ण स्वातंत्र्य’ म्हणत. परक्या दरबारांना मात्र तिचे मोल नेमके कळले होते. सगळी सभा विकत घेण्याची गरज नाही, एक सभासद पुरे. प्रशियाची फौज दोन लाखांच्या घरात चालली होती, तेव्हा पोलंडची फौज कागदावर चोवीस हजार आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मी होती.

असा देश हाती आल्यावर या राजाने काय केले? कॅथरीनची अपेक्षा होती की, त्याने स्वस्थ बसावे. तो बसला नाही. 1765 साली त्याने वॉर्सात लष्करी शिक्षणाची शाळा काढली. पुढे जगप्रसिद्ध झालेला तादेउश कोश्चुश्को हा त्या शाळेचा विद्यार्थी. त्याच साली सार्वजनिक नाटकगृह सुरू झाले, ‘मॉनिटर’ नावाचे नियतकालिक निघाले. दर गुरुवारी राजा कवींना, पंडितांना वाड्यावर जेवायला बोलावी आणि पंक्तीत वाङ्मयाची चर्चा चाले. बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराकडून त्याने वॉर्साचे रस्ते, देवळे, वाडे यांची बारकाईची चित्रे काढवून घेतली. त्या वेळी ती हौस वाटली असेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सा जमीनदोस्त केले आणि नंतर ते शहर पुन्हा उभारताना हीच चित्रे समोर ठेवली गेली.

जेथे पैशाचा आणि सत्तेचा प्रश्न आला, तेथे मात्र शेजारी जागे झाले. राजाने सगळ्या देशाला लागू अशी एकच जकात बसविली, तर प्रशियाच्या फ्रेडरिकने व्हिस्टुला नदीवर आपले नाके उभारून पोलिश गलबतांवर जबर कर घ्यायला सुरुवात केली. शेवटी राजाला आपली जकात मागे घ्यावी लागली. 1766 साली त्या घातकी नकाराधिकाराला थोडा आवर घालण्याचा प्रयत्न झाला, तर रशिया आणि प्रशिया दोघांनी मिळून तो हाणून पाडला. रशियाचा वकील रेप्निन याची मग्रुरी तर अशी की, 1767 साली त्याने विरोध करणाऱ्या दोन बिशपांना आणि एका सेनापतीला राजधानीतून उचलून रशियात कैदेत पाठविले आणि पुढच्या वर्षी तो नकाराधिकार रशियाच्या हमीने कायम करून घेतला. शेजाऱ्याच्या घराला कुलूप लागता कामा नये, याची हमी चोराने घेतल्यासारखे झाले हे.

याच्या संतापाने 1768 साली बार या गावी सरदारांनी संघ बांधून बंड पुकारले. हे बंड रशियाविरुद्ध होते, तसेच राजाविरुद्धही होते, कारण तो रशियाचा बाहुला. 3 नोव्हेंबर 1771 च्या रात्री बंडखोरांनी वॉर्सात राजाची गाडी अडविली, त्याला जखमी केले आणि पळवून नेले. काळोखात वाटा चुकल्या, टोळी पांगली आणि शेवटी राजाजवळ कुझ्मा नावाचा एकच इसम उरला. तेव्हा या राजाने काय करावे? त्याने त्या इसमाशी बोलायला सुरुवात केली! बोलून बोलून त्याचे मन वळविले, आणि एका गिरणीत आसरा घेऊन वॉर्साला चिठ्ठी धाडली. ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. या माणसाचे सामर्थ्य आणि त्याचा दोष दोन्ही तीत आहेत. गोड बोलून आपण कोणालाही वळवू शकतो, हा त्याचा विश्वास जन्मभर सुटला नाही.

बंड मोडले आणि 1772 साली रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचा सुमारे तिसरा हिस्सा वाटून घेतला. सेयमकडून त्याला संमतीही वदवून घेतली. त्याच सेयमने 1773 साली शिक्षणाचे एक मंडळ नेमले. जेझुइट पंथ नुकताच बरखास्त झाला होता. त्याची मालमत्ता या मंडळाकडे आली आणि तिच्यातून पाठशाळा, पाठ्यपुस्तके, शिक्षक यांची नवी घडी बसली. युरोपातील पहिले शिक्षणखाते म्हणून याचा उल्लेख करतात. घर लुटले जात असताना मुलांच्या शाळेची सोय लावणारी ही माणसे होती. पुढे घटनेच्या बाजूने जी तरुण पिढी उभी राहिली, ती याच शाळांतून शिकलेली.

1787 साली कॅथरीन नीपर नदीतून दक्षिणेस चालली होती. राजाने कानिव्ह येथे जाऊन आठवडेच्या आठवडे तिची वाट पाहिली. 1758 साली पीटर्सबर्ग सुटल्यानंतर दोघांची ही पहिली भेट. मध्ये एकोणतीस वर्षे गेलेली. राजाने मैत्रीचा तह सुचविला. तुर्कांविरुद्ध फौज देतो, पण आम्हांला आमची फौज वाढवू द्या, अशी मागणी. तिने टोलवाटोलवी केली. त्याने तिच्या सन्मानार्थ आतषबाजी केली, ती तिने नावेतूनच पाहिली आणि पुढे निघून गेली. काही तासांच्या या भेटीसाठी राजाने तीन महिने आणि लाखो नाणी उधळली, अशी थट्टा तेव्हा झाली.

परंतु त्याच साली तुर्कांशी युद्ध जुंपले आणि रशियाचे हात गुंतले. 1788 साली भरलेली सेयम चार वर्षे चालली. ती संघ बांधून भरविलेली असल्यामुळे तिथे नकाराधिकार चालत नव्हता. फौज एक लाखावर नेण्याचा ठराव झाला. इग्नात्सी पोतोत्स्की, ह्यूगो कोलोन्ताय, सभेचा अध्यक्ष मालाखोव्स्की आणि राजा यांनी गुप्तपणे घटनेचा मसुदा केला. ईस्टरच्या सुट्टीवरून पुष्कळ सभासद परतले नव्हते. ही संधी साधून ठरलेल्या 5 मे ऐवजी 3 मे 1791 रोजीच मसुदा सभेपुढे आणला. निम्म्याहून कमी सभासद हजर होते. हा डावच होता, आणि तो डाव होता हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. सुखोर्जेव्स्की नावाच्या सभासदाने आपल्या लहानग्या मुलाला पुढे ओढले आणि गुलामगिरी पाहण्यापेक्षा याला मीच मारतो म्हणून आक्रोश केला. वंशपरंपरेचा राजा म्हणजे गुलामगिरी, अशी त्याची प्रामाणिक समजूत! अखेर राजाने खुर्चीवर उभे राहून घटनेची शपथ घेतली आणि मग सारेजण शेजारच्या सेंट जॉनच्या देवळात गेले.

घटनेने नकाराधिकार रद्द केला, बहुमताचा नियम आणला, गादी वंशपरंपरेची केली. काही दिवस आधी झालेला शहरांचा कायदा तिने आपल्यात सामावून घेतला. त्याने शहरवासीयांना जमीन घेण्याचा, अधिकाराच्या जागा मिळविण्याचा आणि चौकशीवाचून अटक न होण्याचा हक्क मिळाला. आजवर हे सारे सरदारांपुरतेच होते. शेतकऱ्यांना मात्र ‘कायद्याचे संरक्षण’ एवढाच मोघम शब्द मिळाला. त्यांची वेठ सुटली नाही. हे घटनेचे व्यंग होते आणि ते पुढे भोवले, कारण परकी फौज आली तेव्हा देशासाठी उठावे असे त्या शेतकऱ्याला फारसे काही दिलेले नव्हते.

जानेवारी 1792 मध्ये रशियाचा तुर्कांशी तह झाला. पुढच्या चार महिन्यांत कॅथरीनने आपली चाल केली. श्चेन्स्नी पोतोत्स्की, ब्रानित्स्की आणि सेव्हेरिन झेवुस्की या तीन सरदारांनी ‘सुवर्ण स्वातंत्र्य’ वाचविण्यासाठी तार्गोवित्सा येथे संघ जाहीर केला आणि त्यांच्या मदतीला म्हणून सुमारे एक लाख रशियन सैन्य देशात घुसले. पोलंडची फौज त्याहून पुष्कळ कमी, आणि तीत नव्या भरतीची माणसे फार. प्रशियाशी 1790 साली मैत्रीचा तह झाला होता. आता प्रशियाने हात झटकले. तरीही राजाचा पुतण्या युझेफ याने झेलेंत्से येथे विजय मिळविला, कोश्चुश्को दुबिएंका येथे चिवटपणे लढला. राजा मात्र छावणीकडे फिरकला नाही. आणि 24 जुलै 1792 रोजी त्याने तार्गोवित्साच्या संघात आपले नाव घातले.

आता निवाडा. राजाचा हिशेब असा होता की, युद्ध हरणारच. तेव्हा आपण आत शिरलो तर निदान देश तुटणार नाही आणि घटनेतले काही वाचेल. हा सल्ला त्याच्या एकट्याचा नव्हता. मंत्र्यांच्या बहुमताने तो दिला आणि त्या बहुमतात खुद्द कोलोन्ताय होता. पुढे हाच कोलोन्ताय परदेशी जाऊन सगळ्या अनर्थाचे खापर राजावर फोडणाऱ्या ग्रंथाचा एक लेखक झाला. तेव्हा राजा एकटा फितूर आणि बाकीचे धुतल्या तांदळासारखे, ही मांडणी मला मान्य नाही. पण त्याचा बचाव करणारे म्हणतात की दुसरा मार्गच नव्हता, तेही मला पटत नाही. फौज अजून मोडलेली नव्हती. तहाची बोलणी करायची तर ती सैन्य पाठीशी उभे असताना करायची असतात. राजाने आधी शस्त्र खाली ठेवले आणि मग बोलायला गेला. कुझ्मा वळला, कॅथरीन वळली नाही. 1793 च्या जानेवारीत रशिया आणि प्रशियाने दुसरी फाळणी ठरविली. ग्रोद्नो येथील सेयमला रशियन फौजेचा वेढा पडला होता. 23 सप्टेंबरच्या बैठकीत सभासद रात्रभर मुके बसून राहिले, तेव्हा ते मौन म्हणजेच संमती, असे ठरविण्यात आले. एका माणसाच्या नकाराने जी सभा मोडत असे, तिचा शेवट असा झाला.

1794 चा कोश्चुश्कोचा उठाव ही स्वतंत्र व्याख्यानाची गोष्ट आहे. त्या उठावाच्या पराभवानंतर, 24 ऑक्टोबर 1795 रोजी तिघांनी उरलेला देशही वाटून घेतला आणि 25 नोव्हेंबर रोजी राजाने ग्रोद्नो येथे राज्यत्यागावर सही केली. बरोबर एकतीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याला राज्याभिषेक झाला होता. बदल्यात तिघा राजांनी त्याची कर्जे फेडण्याचे कबूल केले. त्याने लंडनच्या एका व्यापाऱ्याला पोलंडसाठी चित्रसंग्रह जमवायला सांगितले होते. चित्रे जमली, पण पोचवायला देश उरला नाही. तो संग्रह लंडनच्या डलिच चित्रालयाचा पाया ठरला.

12 फेब्रुवारी 1798 रोजी पीटर्सबर्ग येथे राजा वारला आणि तेथील कॅथलिक देवळात त्याला पुरले. 1938 साली सोव्हिएत सरकारने ती शवपेटी पोलंडच्या स्वाधीन केली. तोवर पोलंड पुन्हा स्वतंत्र होऊन वीस वर्षे होत आली होती; पण तार्गोवित्सावर सही करणाऱ्या राजाला राजधानीत जागा द्यायला ते सरकार तयार नव्हते. पेटी गाजावाजा न करता व्होल्चिन या त्याच्या जन्मगावी नेऊन ठेवली. युद्धानंतर सरहद्द सरकली, व्होल्चिन सोव्हिएत हद्दीत गेले, देऊळ ओस पडले आणि थडग्याची नासधूस झाली. 1988 साली तेथून जे काही अवशेष मिळाले ते वॉर्साला आणले, आणि 1995 साली, राज्यत्यागाला दोनशे वर्षे होताना, सेंट जॉनच्या देवळात त्यांचे दफन झाले. 3 मे 1791 रोजी घटनेची शपथ घेतल्यावर राजा ज्या देवळात गेला, तेच हे देऊळ.