सावली काय सांगते



हाडं दुखतात म्हणून दवाखान्यात गेलं की ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचा कागद हाती येतो. नागपूरकडच्या आम्हा माणसांना म्हणे ऊन कमी पडलं! हसू नका. हिशोब करू.

कातडीत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर असतानाच पुरेसे पोचतात. खूण सोपी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड, तर काम होतं. लांब, तर फारसं नाही. अमेरिकेतलं बोस्टन ४२ अंश उत्तरेला. तिथल्या हिवाळ्यात भरदुपारीही ते तयार होत नाही. आपलं नागपूर २१ अंशांवर. २२ डिसेंबरला, सगळ्यात लहान दिवशीही, सव्वाबाराला सावली माणसाएवढीच. तेव्हा दोष अक्षांशाचा नाही.

मे महिन्यात ४५ अंशांत आम्ही सकाळ-संध्याकाळ राबतो, दुपारी तोंडाला दुपट्टा. जुलै-ऑगस्टात ढग. आणि कापूस वेचणारी बाई? डिसेंबरात दिवसभर उन्हात, पण अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्यावर पदर. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. तिरुपतीच्या डॉक्टरांची २००७ साली छापलेली तपासणी पाहा. खेड्यातल्यांची पातळी शहरापेक्षा बरी, पण बायांची पुरुषांहून कमी.

वेचणीच्या दिवसांत दुपारी बाह्या वर करून थोडा वेळ बसा. मे महिन्यात हे करू नका, ऊन लागेल. पातळी खरंच खाली असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. पण दुखलं की ६ लाख युनिटांची सुई, हे बंद करा. ते अंगात साठतं, रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात.