तमासगिराच्या हाती विद्या द्या
(यात्रेच्या पंचमंडळींपुढे आम्ही केलेले भाषण)



येथे यात्रेचे पंच, शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशी सारी कष्टाची भाकरी खाणारी मंडळी जमली आहेत, म्हणून आम्ही आडपडदा न ठेवता बोलणार आहोत. यात्रेला कोणता फड आणावा याचा खल आपण दोन-दोन दिवस करतो. पण फड गाव सोडून गेल्यावर ती माणसे पावसाळ्यात काय खातात, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले?

दसऱ्याला फड बाहेर पडतो तो वैशाख सरता सरता घरी येतो. मध्ये जुन्नर तालुक्यातील नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपारी देतात. मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. आपल्याला दिसतात त्या नाचणाऱ्या, सोंगाड्या आणि ढोलकीवाला. पण तंबू ठोकणारे, दिवे व कर्णे सांभाळणारे, गाडी हाकणारे, कपडे शिवणारे, स्वयंपाक करणारे हेही फडाचेच. फड म्हणजे चाकांवर चालणारे बलुतेदारांचे गाव आहे म्हणा ना!

मृग लागला की हे गाव मोडते. मग कोणी दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जातो, कोणी पुढल्या हंगामाची उचल घेतो. उचल देणारा फडमालक तरी कोठला श्रीमंत? तोही सावकाराच्या दारातूनच पैसा आणतो. कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता अंगठा उठतो, आणि उचल फिटली नाही की माणूस पुढल्या वर्षीही बांधला जातो. शेतकऱ्यांनो, ही गोष्ट तुम्हांस नवी आहे काय? तुमच्या आज्या-पणज्यांचेही असेच झाले होते.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि नेमका त्याच दिवशी सारा देश बंद झाला. ऐन सुपारीच्या वेळी राहुट्या ओस पडल्या. २०२१ च्या उन्हाळ्यातही यात्रा भरल्या नाहीत. अंगात एकच कला, तिला गिऱ्हाईक नाही, आणि दुसऱ्या हुन्नराचा दाखला हाती नाही. अशा माणसाने जावे कोठे?

कोणी म्हणेल, "तमासगिराला कसली शाळा? कला रक्तात असते." ढोलकीचा हात बापाकडून लेकाला येतो, हे आम्हांस मान्य आहे. पण रक्तातल्या कलेने अडचण भागत नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५ ते २००२) यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. खेळ चालू असता कळा आल्या, बाई आडोशाला गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभे राहण्यास निघाल्या. आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. आम्हांस मात्र तिची लाज वाटते. एवढ्या माणसांच्या मेळ्यात सुईणीचे काम जाणणारी एकही बाई त्या वेळी हाताशी नसावी काय? विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कारही देते, पण अखेरचे दिवस त्यांनी हलाखीतच काढले.

शिकविण्याची सोय मुळीच नाही असे नाही. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, सरकारची लोककलेची शिबिरेही भरतात. पण हातावर पोट असणाऱ्याने मुंबईस राहून खावे काय? २०२३ साली विश्वकर्मा योजना निघाली. तीत अठरा धंद्यांच्या कारागिरांना शिक्षण, शिकतानाचा रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये ठरले. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी त्यात आले. आनंद आहे! पण त्या अठरांत ढोलकी वाजविणारा नाही आणि नाचणारी बाईही नाही. ते हाताने आणि पायाने कष्ट करीत नाहीत काय?

आमची मागणी थोडी व स्पष्ट आहे. पहिली, पावसाळ्याच्या चार महिन्यांत शिक्षण फडकऱ्यांच्या गावी न्यावे आणि शिकण्याच्या दिवसांचा रोज द्यावा. दुसरी, तेथे पोटाला उपयोगी पडेल ते शिकवावे: दिव्यांची व कर्ण्यांची दुरुस्ती, शिवणकाम, जड गाडीचा परवाना, प्रथमोपचार, हिशेब आणि करारनामा वाचणे. तिसरी, ज्याला जे येते त्याचा दाखला द्यावा. अंगचे कसब तपासून दाखला देण्याची सोय २०१५ सालच्या कौशल्य विकास योजनेत आहेच. वीस वर्षे फडाचे दिवे लावणाऱ्याला "तू अशिक्षित" म्हणणारे आपण कोण?

ही मागणी काही जगावेगळी नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. खेड्यातल्या मुलांना मोडी-बाळबोध वाचन, हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी त्यात मागितले. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन खेडोपाडी विद्येचा प्रसार केला. ज्या ढोलकीने आपल्याला शाळेची वाट दाखविली, त्या ढोलकीवाल्याचे पोर शाळेबाहेर राहिले, तर ते ऋण आपण बुडविले असेच म्हणावे लागेल.

तेव्हा पंचमंडळी, सरकार करील तेव्हा करील. तुम्ही आज एवढे करा. सुपारीचा करार मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याची एक नक्कल फडाला द्या. ग्रामसभेत वरील मागणीचा ठराव घाला. गावातल्या शिंप्याने, वायरमनने पावसाळ्यात फडातले एक-एक पोर हाताखाली घ्यावे. आणि फडातली मुलगी तुमच्या शाळेत आली, तर तिला तुमच्या मुलीशेजारी बसू द्या. रात्री जिच्या कलेला शिट्ट्या मारायच्या, सकाळी तिच्या लेकीला बाकावर जागा नाकारायची, हा दुटप्पीपणा या गावात तरी नसावा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.