दोष मशीनचा की सुईचा?



शेगावात दर्शनाला आलेल्या माणसाला प्रसाद न्यायला पिशवी लागतेच. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा आमच्या गटानं कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. पहिल्याच खेपेला दुकानदारानं चाळीस पिशव्या परत केल्या. बंदाजवळ टाके सुटले होते. आम्ही मशीनला तेल दिलं, दोऱ्याचा ताण बदलला, शेवटी मेकॅनिक बोलावला. त्यानं सुई काढून दाखवली. झंपर शिवायची चौदा नंबरची सुई आम्ही जाड कॅनव्हासच्या चार पदरांवर चालवत होतो!

तेव्हापासून आम्ही कापड पाहून सुई लावतो. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. ही एकाच जाडीची दोन मापं. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. नंबर जितका मोठा, तितकी सुई जाड.

मलमल, व्हॉईल, जॉर्जेटला ११ नंबर. पॉपलिन, झंपर, परकराला १४. टेरिकॉट, जाड खादीला १६. जीन्स, कॅनव्हास, पिशव्यांच्या बंदांना १८. बनियनसारख्या होजिअरीला गोल टोकाची सुई मागा. साधी सुई त्यातले धागे तोडते आणि भोकं पडतात.

दोराही पाहा. हातभर दोरा सुईत ओवा आणि ताणून तिरका धरा. सुई आपोआप खाली घसरली तर जोडी जमली. अडकली तर नेढं लहान आहे, एक नंबर मोठी सुई घ्या.

दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्या. काही मशीनला एका बाजूनं चपटी सुई लागते, काहींना गोल दांड्याची. एकीची दुसरीला चालत नाही. बसवताना लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला ठेवा, सुई पूर्ण वर सरकवा आणि मगच स्क्रू आवळा.

साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदला. टकटक आवाज आला, टाका सुटला किंवा कापड ओढलं गेलं, तर आठ तासांचीही वाट पाहू नका. मोडलेल्या सुईचे तुकडे मोजून डबीत टाका, घरात लेकरं रांगतात.

त्या चाळीस पिशव्या आम्ही उसवून पुन्हा शिवल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली, ती काही रुपयांच्या सुईपायी. तुमची बुडू नये, म्हणून हे सांगितलं.