गलबत, गल्फ आणि पुढची वाट

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





‘जीवनातील व व्यवसायातील बदलांना सामोरे कसे जावे’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने केली. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. म्हणून मी सुरुवात इतिहासानेच करतो. हा इतिहास बादशहांचा नाही, आपल्याच घरांचा आहे.

आपल्या वस्तीतली काही आडनावे पाहा. कुणी सारंग, कुणी नाखुदा, कुणी तांडेल. ही आडनावे आपल्याला समुद्राने दिली. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड या बंदरांतून आपले पूर्वज गलबते आणि मचवे घेऊन निघत. वारा कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेने वाहतो, हे त्यांचे शिक्षण होते. पुढे वाफेच्या आगबोटी आल्या. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींचा व्यापार झपाट्याने वाढला. शिडाचा धंदा बसत गेला. त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी नक्कीच म्हटले असेल, की आता आपले संपले! पण संपले नाही. शिडे सांभाळणाऱ्यांची मुले मुंबईच्या गोदीत गेली आणि आगबोटींवर खलाशी, आगवाले, भंडारी म्हणून चढली.

माझे आजोबा त्यांपैकीच एक. ते १९४८ साली आगवाला म्हणून बोटीवर लागले. आगवाल्याचे काम म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा टाकणे. दहा वर्षे होतात न होतात, तोच कोळशाच्या बोटी कमी होऊ लागल्या. तेलाच्या आणि डिझेलच्या बोटी आल्या. भट्टीच नाही, तर आगवाला हवा कशाला? आजोबा सांगत, की त्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक गावी परत आले आणि जन्मभर नव्या बोटींना दूषणे देत बसले. आजोबांनी दुसऱ्या एका खलाशाच्या हाताखाली इंजिनाला तेल-वंगण देण्याचे काम शिकून घेतले. पगार सुरुवातीला कमी झाला, पण चूल पेटती राहिली.

त्यानंतरचा इतिहास तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. आखाती देशांत पैशाचा पूर आला आणि रस्ते, इमारती, कारखाने उभारण्यासाठी माणसे हवी होती. आपल्या गावागावांतून तरुण निघाले. कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे आली. मशिदींची दुरुस्ती झाली, बहिणींची लग्ने झाली. आपल्यासारख्या संस्थांच्या कित्येक वर्गखोल्यांच्या भिंतींतही त्या घामाचा पैसा आहे. त्या पैशाचे ऋण मी मानतो, कारण माझे शिक्षणही त्यावरच झाले.

परंतु, पालकहो, ही वाट कायमची नाही याच्या सूचना आपल्याला वारंवार मिळाल्या. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. २००८ च्या मंदीत दुबईतली कितीतरी बांधकामे थांबली. २०११ साली सौदी अरेबियाने ‘निताकत’ योजना सुरू केली. तिच्यानुसार किती टक्के सौदी माणसे कामावर आहेत, यावरून कंपन्यांची वर्गवारी होऊ लागली. जुलै २०१७ पासून तिथे कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क लागले आणि ते दरवर्षी वाढत २०२० साली ४०० रियाल झाले. त्या काळात आमच्या शाळेत मध्येच दाखल झालेली काही मुले मला आठवतात. जेद्दा-दम्मामच्या शाळांतून ती एकदम आमच्या बाकांवर येऊन बसली होती. ती मुले मधल्या सुट्टीत एकटीच उभी असत. बदल म्हणजे काय, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा आधी कळले.

आता मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. वडिलांची परवानगी घेऊनच सांगतो.

माझे वडील १९९२ साली सौदीला गेले. वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती हे त्यांचे काम. २६ वर्षे त्यांनी ते केले. २०१८ साली कंपनीने माणसे कमी केली आणि वयाच्या ५६ व्या वर्षी ते परत आले. पहिला महिना पाहुण्यांच्या ये-जा करण्यात गेला. नंतर ते ओटीवर बसून राहू लागले. घरात कुठली वस्तू कुठे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. गॅसचा नंबर कोण लावतो, लाइटबिल कोण भरतो, भावकीतल्या कुणाकडे कधी जायचे, हे सारे २६ वर्षे आईने पाहिले होते. वडील एखाद्या गोष्टीत बोलले, की आई गप्प व्हायची. आई काही ठरवून मोकळी झाली, की वडील गप्प व्हायचे. एका रात्री ते मला म्हणाले, “बाळा, मी या घरात सुट्टीवर आलेला माणूस होतो. आता सुट्टी संपत नाही आणि मला इथे राहायचे कसे, ते येत नाही.”

मी शिक्षक आहे, पण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

आठ महिन्यांनी शेजारच्या घरातले यंत्र बंद पडले म्हणून त्यांना बोलावणे आले. ते उत्साहाने गेले आणि अर्ध्या तासात परत आले. चेहरा उतरलेला. यंत्र नव्या पद्धतीचे, इन्व्हर्टरचे होते. जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर बंद होतो. नव्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो आणि तो एका इलेक्ट्रॉनिक पट्टीवरून ठरतो. वायूही बदललेला. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल करारामुळे जुना आर-२२ वायू टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो आणि तो थोडाफार पेट घेणारा असल्यामुळे जुन्या सवयीने जवळ ज्योत धरून चालत नाही. २६ वर्षांचा अनुभव हाताशी होता, आणि हाताला काही करता येत नव्हते.

तालुक्याला आय.टी.आय. झालेल्या एका २२ वर्षांच्या मुलाचे दुरुस्तीचे दुकान आहे. वडील त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, “मला शिकव.” तो मुलगा संकोचला. म्हणाला, “चाचा, मी तुम्हाला काय शिकवणार?” वडिलांनी त्याला सांगितले, “तू मला दुकानाबाहेर चाचा म्हण. दुकानात मी तुला उस्ताद म्हणेन.” चार महिने ते रोज एस.टी.ने तालुक्याला गेले. वहीत आकृत्या काढून आणत आणि रात्री माझ्या मुलीच्या शेजारी बसून त्या पक्क्या करत. आज ते दोघे मिळून काम करतात. पट्टीतला दोष तो मुलगा शोधतो आणि कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याचे दुखणे वडील ओळखतात. मिळकत सौदीच्या निम्मीही नाही. पण वडील आता ओटीवर बसून राहत नाहीत, आणि लाइटबिल तेच भरतात.

या गोष्टीवरून मी जे शिकलो, ते थोडक्यात आपणांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे शोकालाही मुदत असावी. आपल्या धर्माने मृत्यूच्या शोकालासुद्धा मुदत घालून दिली आहे. सर्वसाधारण नातलगांना तीन दिवस आणि विधवेला चार महिने दहा दिवस. म्हणजे दुःख करू नका असे सांगितलेले नाही, पण त्यातच राहू नका असे सांगितले आहे. नोकरी गेली, परीक्षेत अपयश आले, धंदा बुडाला, तर माणसाला वाईट वाटणारच. घरच्यांनी त्याला थोडा वेळ द्यावा, टोमणे मारू नयेत. पण त्यानेही एक दिवस ठरवून उठावे.

दुसरी गोष्ट, शिकताना वयाचा आणि हुद्द्याचा मान बाजूला ठेवावा. हिजरतीच्या वेळचा प्रसंग आपण जाणतो. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रझि.) मक्केतले सारे सोडून मदिनेला आले. त्यांचे अन्सारी बंधू हजरत साद बिन रबी (रझि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता त्यांना देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली, पण मालमत्ता घेतली नाही. बाजार कुठे आहे, एवढेच विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून चीज आणि तूप विकायला सुरुवात केली. मक्केत आपण कोण होतो, हे त्यांनी मदिनेच्या बाजारात सांगत बसले नाही. विद्यार्थी मित्रांनो, हिजरतीचा हा धडा परीक्षेत विचारला जात नाही, पण आयुष्यात नक्की विचारला जातो.

शिक्षकांनाही तो लागू आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा निवृत्तीला आलेले आमचे एक सहकारी मोबाइलवर तास घ्यायला घाबरत होते. शेवटी आठवीतल्या एका मुलीने त्यांना कॅमेरा कसा चालू करायचा, ते शिकवले. त्यांनी वर्गात तिचे जाहीर आभार मानले. त्या दिवशी त्या वर्गाने जे शिकले, ते माझ्या दहा तासांत शिकले नसते.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. चांगल्या दिवसांत वाईट दिवसांची तजवीज करावी. परदेशी असलेल्यांनी परतण्याचा हिशेब जाण्याच्या दिवसापासून ठेवावा. सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या दरवर्षाला एका महिन्याचा पगार उपदान म्हणून मिळतो. हा हक्क किती जणांना ठाऊक असतो? करारपत्र न वाचता सही करू नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय घरावर दुसरा मजला चढवू नका. आणि घरी राहिलेल्या स्त्रीने जो संसार चालवला, त्याला काम म्हणा. परतलेल्या माणसाने तिच्या हातातल्या किल्ल्या मागू नयेत, तिच्याकडून संसार शिकून घ्यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. “दहावी झाली नाही तरी चालेल, मामू व्हिसा पाठवणार आहे,” हे वाक्य मी आजही ऐकतो. पालकहो, १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली जी तपासणीची अट आहे, ती आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या दहावी न झालेल्या कामगाराला लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टवर ती लागत नाही. म्हणजे ज्या परदेशासाठी आपण शाळा सोडायला लावतो, तो परदेशच शाळेचा दाखला मागतो. ज्यांची शाळा सुटली आहे, त्यांनीही निराश होऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, दोन्ही १९८९ साली अशाच लोकांसाठी स्थापन झाली.

आणि हे मी मुलींच्या पालकांनाही सांगतो. आमच्या वर्गात अभ्यासात मुली मागे नाहीत, बऱ्याचदा पुढेच आहेत. कॉलेज लांब आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. एकेकाळी आपण मुलांना वाऱ्याच्या भरवशावर एडनपर्यंत पाठवत होतो, मग मुलीला एस.टी.च्या भरवशावर तालुक्यापर्यंत पाठवता येणार नाही का?

आता संगणकच पत्रे लिहू लागला आहे, भाषांतरे करू लागला आहे. उद्या कोणते काम राहील आणि कोणते जाईल, हे छातीठोकपणे कुणीही सांगू शकणार नाही. म्हणून एकच एक कला शिकवून भागणार नाही. मुलाला नीट वाचता यावे, हिशेब करता यावा, चार माणसांत बोलता यावे आणि न येणारी गोष्ट “मला शिकवा” असे म्हणून मागता यावी. एवढी शिदोरी असेल, तर तो कोणत्याही बोटीवर चढू शकेल.

बदल म्हणजे सगळेच सोडणे नव्हे, हेही सांगून ठेवतो. नमाज, खरेपणा, हलाल कमाई, शेजारधर्म आणि घरात बोलली जाणारी आपली बोली या गोष्टी बदलण्याच्या नाहीत. आजोबांनी भट्टी सोडली, पण कामातला प्रामाणिकपणा सोडला नाही. वडिलांनी सौदी सोडले, पण हातातला हुनर सोडला नाही.

वडिलांची ती आकृत्यांची वही मी आज सोबत आणली आहे. पहिल्या पानावर त्यांनी मुलांच्या वह्यांवर असते तसे नाव, पत्ता आणि ‘इयत्ता’ लिहिले आहे. इयत्तेपुढची जागा मात्र कोरी आहे. मी विचारले, “अब्बा, हे का भरले नाही?” ते म्हणाले, “कितवीत आहे ते मलाच ठाऊक नाही. पण शाळेत आहे, एवढे खरे.”

कार्यक्रम संपल्यावर ही वही ज्यांना पाहायची असेल, त्यांनी जरूर पाहावी. विशेषतः यंदा दहावीला बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी पाहावी.