गव्हाण आणि सोन्याचा पाळणा
(वळ, ता. भिवंडी इथं तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर लागला की आपल्या वळच्या गोदामांतून काय काय बाहेर पडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. टेम्पो भरणारे तुम्हीच. प्लॅस्टिकची झाडं, चांदण्या, लाल टोप्या. आणि एका खोक्यात गवतावर निजवलेलं एक गोरंगोमटं बाळ, बाजूला गाय-बैल. आज मी त्या बाळावर बोलणार आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि कुणाला ख्रिस्ती करायलाही आलेलो नाही. पण तुमच्या हजेरीपटावर, पगाराच्या कागदावर जो सन पडतो तो इसवी, म्हणजे ईसाचा. ज्या जन्मावर जगाचं कॅलेंडर टांगलंय तो जन्म कुठं झाला आणि पुढं कुणाच्या ताब्यात गेला, हे आपण विचारलंच पाहिजे.

गोष्ट अशी. रोमच्या बादशहाचा हुकूम सुटला : नावं नोंदवा. सरकार माणसं कशाला मोजतं? पट्टी वसूल करायला. मग दिवस भरलेली बाई आणि तिचा सुतार नवरा बेथलेहेमला निघाले. तिथं उतारशाळेत जागा नाही. बाई बाळंत झाली, पोर गव्हाणीत ठेवलं. गव्हाण, जिथं जनावरं वैरण खातात. आणि पहिली खबर कुणाला? राजाला नाही, भटाला नाही. रात्रपाळीवर मेंढरं राखणाऱ्या मेंढक्यांना.

हे झालं खरंच? आपण बुद्धाची माणसं, तपासून घेऊ. चार शुभवर्तमानं, त्यांतल्या दोनांतच जन्माची गोष्ट आहे. गव्हाण लूकमध्ये. मत्तयमध्ये गव्हाणच नाही, तिथं घर, तारा, पूर्वेकडचे ज्ञानी आणि पोरं मारणारा हेरोद. आपल्याला लगेच कंस आठवतो. लूक ज्या शिरगणतीचं नाव घेतो ती झाली इसवी सन ६ च्या सुमारास, आणि हेरोद मेला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. मेळ बसत नाही. ज्ञानी किती होते तेही लिहिलेलं नाही. देणग्या तीन, म्हणून माणसं तीन केली, आणि मग त्यांना राजे करून टाकलं! गाय-बैलही मागाहून आणून बांधलेत. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये ३३६ ची नोंद सापडते त्याआधी दिसत नाही. सन मोजायची रीत ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूनं बसवली, आणि त्याचा हिशोब चुकला. म्हणजे ईसाच्या नावाच्या सनात ईसाचाच जन्म बसत नाही.

तेव्हा इतिहास म्हणून गोष्ट कच्ची आहे. पण गोष्टीनं इतिहासात काय केलं ते कच्चं नाही.

मराठीत ही गोष्ट पहिल्यांदा कोण घेऊन आलं? थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात उतरला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ ला राशोलला छापलं गेलं. मराठी ओव्या, जवळजवळ अकरा हजार, पण अक्षरं रोमन. नव्या ख्रिस्ती मंडळींची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांना ऐकायला नवं पुराण पाहिजे होतं. ग्रंथ मोठा आहे, भाषा गोड आहे, कबूल. पण बाप्तिस्मा झाला तरी गोव्यात बामण ख्रिस्ती बामणच राहिला, आणि खालचा खालीच. गव्हाणीतलं पोर ओवीत बसलं, देवळात बसलं. गव्हाण साफ करणारा मात्र दाराशीच!

नंतर ना. वा. टिळक. चित्पावन घरचे, १८९५ ला ख्रिस्ती झाले. ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, १९१९ ला गेले, आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं. या नवरा-बायकोबद्दल मला आदर आहे. पण नाव बघा : रामायणाच्या साच्यात ओतलेलं नाव. नगर जिल्ह्यात जे महार-मांग मिशनकडे गेले, त्यांच्यातल्या कितीक बाया खरोखरच गोठ्यात बाळंत झाल्या असतील. त्यांचं ख्रिस्तायन कुठाय? त्यांना चर्चमध्येही जात भेटली. बाबासाहेबांनी त्यांच्या स्थितीवर लिहिताना मिशनऱ्यांना यावरूनच धरलं. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं त्यांना अनुसूचित जातीतूनही बाहेर ठेवलं. पुढं १९५६ ला शिखांना आत घेतलं, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती दलिताला उतारशाळेत जागा नाही.

गोष्ट खालून वाचली ती जोतीबांनी. मिशनच्या शाळेत शिकले, पण मिशनचे झाले नाहीत. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला काय म्हटलं? बळी! वामनानं पाताळात दाबलेला आपला बळीराजा, तोच तिकडं जन्मला. चांदणी नको, देवदूत नको. कुठल्या बाजूचा माणूस, एवढंच त्यांनी पाहिलं. तिकडं न्यूयॉर्कात १९६१ ला लँग्स्टन ह्यूजनं ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ रंगमंचावर आणलं. मारिया काळी, जोसेफ काळा, गाणी काळ्यांच्या चर्चमधली. गुलामांच्या नातवंडांनी बाळ आपल्या मांडीवर घेतलं.

आता आपलं २५ डिसेंबर. साहेबाच्या राज्यात नाताळच्या सुट्टीत कचेऱ्या बंद, म्हणून सभा-परिषदा त्याच आठवड्यात. काँग्रेसची पहिली बैठकही २८ डिसेंबर १८८५ ची. महाडची परिषद १९२७ ला २५ डिसेंबरलाच भरली. मंडपाला गावात कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली, आणि त्या जागेत रात्री मनुस्मृती जाळली. जागा न मिळालेल्यांचा यापेक्षा मोठा नाताळ मला माहीत नाही.

शेवटी आपल्या घरातलं बोलतो, राग आला तरी चालेल. आपल्याकडं बारशाला बाया भीमाचा पाळणा म्हणतात. रामाचा पाळणा, कृष्णाचा पाळणा, आणि त्याच चालीवर आपला. ही आपल्या आयाबहिणींची कमाई आहे, तिला हात लावायचा नाही. पण अलीकडं कॅसेटवाल्यांनी, आणि आता मोबाईलवाल्यांनी, त्या पाळण्याला सोनं चढवलंय. सोन्याचा पाळणा, रेशमाची दोरी, आभाळातून फुलं. अरे, कुणाची फुलं? १४ एप्रिल १८९१, महूची लष्करी छावणी, सुभेदार रामजींचं चौदावं अपत्य. आई भीमाबाई, जी पोर लहान असतानाच गेली. एवढं पुरत नाही का गाण्याला?

गव्हाणीचं काय झालं ते आपण आत्ता बघितलं. ज्यांच्याकडं वाडे होते त्यांनी ती उचलली, मुलामा दिला, आज ती खोक्यात भरून वळच्या गोदामातून जाते. बायबलात एकही राजा गव्हाणीपाशी आलेला नाही, तरी प्रत्येक देखाव्यात तीन उभे असतात, मेंढके मागं सरकलेले. आपल्या पाळण्यापाशी उद्या कोण कोण पुढारी उभे राहतील याचा विचार करा. काही तर उभे राहिलेतही.

तुमच्यात लिहिणारी पोरं आहेत, मला ठाऊक आहे. रात्रपाळीला गोदामाच्या पावतीमागं कविता लिहितात. त्यांनी नवा पाळणा लिहावा. त्यात छावणी येऊ दे, भीमाबाईचं बाळंतपण येऊ दे, चौदा बाळंतपणांनी थकलेलं तिचं अंग येऊ दे. आणि चाल तीच ठेवा, म्हणजे आपल्या बायांना म्हणता येईल.